अक्काच्या खात्यावर

माझ्या थोरल्या बहिणीच्या बँक खात्यावर मी माझा धंदा चालवला आणि तिला विचारलं नाही. चूक एवढीच. ती एका वाक्यात मावते, म्हणून कुणाला सांगताना मी तिला लगेच कारणं जोडायचो. टाळेबंदी, बँक, नशीब. कारणं खरी होती. पण त्यातलं एकही कारण मी तिला विचारण्याच्या आड आलं नव्हतं. एक फोन करायचा होता, तो मी केला नाही.

जळगावात पिंप्राळ्याला माझं कूलरचं दुकान होतं. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर हा घरातला माणूसच असतो. त्याच्यापुढे कुणाची खाट लागणार यावरून भावाभावांत भांडणं होतात. थंडीत कर्जानं माल भरायचा, पत्रे, पंखे, मोटारी, गवत, आणि होळीपासून मृगापर्यंत विकून मोकळं व्हायचं, असा हा धंदा. वर्षानुवर्षं तो नीट चालला. मग लागोपाठ दोन उन्हाळे टाळेबंदीत गेले. बांधून ठेवलेले कूलर गोडाऊनमध्ये गंजले आणि गवत उंदरांनी नेलं. तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत दुकान माझं राहिलं नव्हतं. किल्ली मालकाला दिली. कर्ज मात्र माझ्याच नावावर राहिलं.

माझं खातंही कर्ज घेतलं त्याच बँकेत होतं. त्यात काही पडलं की थकलेल्या हप्त्यात वळतं व्हायचं. एका डॉक्टरांनी कूलर दुरुस्तीचे पैसे फोनवरून टाकले, तर दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत ते कापले गेल्याचा मेसेज आला. बँकेचं काही चुकत नव्हतं. घेतलं होतं ते मीच. पण त्या दिवशी घरी तेल न्यायचं होतं आणि मी तसाच, पिशवी खिशात कोंबून घरी गेलो.

वसुलीला एक माणूस यायचा. गाडी कोपऱ्यावर लावून चालत यायचा आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारायचा, "काय शेठ! गार हवा तुम्ही विकली अन् घाम आमचा काढता?"

मी हसायचो. दुसरं काय करणार? तो गेल्यावर बायको आतून विचारायची, "यात हसण्यासारखं काय होतं?"

दुसऱ्या बँकेत खातं काढावं म्हणून मी एकदा गेलो होतो, हेही सांगायला हवं. रांगेत माझ्यापुढे एक गृहस्थ होते. ते नवीन कर्ज मागायला आले होते. काउंटरवरच्या साहेबांनी स्क्रीनकडे पाहत मोठ्यानं सांगितलं, "काका, तुमचं रेकॉर्ड खराब आहे. कुठंच काही होणार नाही." ते गृहस्थ टोपी सारखी करत बाजूला झाले. साहेब मला म्हणाले, "बोला."

मी म्हणालो, "काही नाही, एटीएम कुठे आहे ते बघत होतो."

आणि बाहेर पडलो. जे त्या काकांना सांगितलं ते मी माझ्यासाठीच ऐकलं. त्यांना कर्ज नाकारलं होतं, मला नुसतं खातं हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हा विचारसुद्धा माझ्या डोक्यात आला नाही. ज्याचं कर्ज थकलं त्याला बँकेचं दार बंद, असं मी धरून चाललो आणि पुढे कुणालाही विचारलं नाही.

अक्काचं खातं माझ्या हाताशीच होतं. ती साक्रीच्या पुढे, डोंगराच्या बाजूला एका खेड्यात राहते. मेव्हणे गेले तेव्हा तिच्या नावानं खातं काढायला मीच तिला साक्रीला घेऊन गेलो होतो. तिच्याकडे तेव्हा फोन नव्हता, म्हणून खात्याला नंबर माझा लावला. एटीएमचं कार्ड तिनं तिथल्या तिथेच माझ्या हातात दिलं. "मन्हाकडे हराई जाई," म्हणाली. हरवून जाईल. त्या खात्यात तिला निराधार योजनेचे पैसे यायचे आणि शाळेत पोरांची खिचडी शिजवते त्याचं मानधन. हवे तेव्हा गावातल्या केंद्रावर अंगठा लावून ती थोडे काढायची, बाकीचे राहू द्यायची.

मी त्या खात्याचा क्यूआर कोड काढला, अवजारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला आणि घरोघरी कूलर दुरुस्त करत फिरू लागलो. गिऱ्हाइकाच्या फोनवर अक्काचं नाव यायचं. "हे कोण?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "घरचंच आहे." तिचे किती, माझे किती, याचा हिशेब मी मनात अगदी चोख ठेवला होता. तिच्या पैशाला कधी हात लावला नाही, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगायचो. ते पूर्ण खरं नाही. पोरीची परीक्षा फी भरायला एकदा लावला होता, आणि अक्काला कळायच्या आत परत टाकला होता.

"अक्कांना सांगून टाका ना," बायको म्हणायची. "त्या नाही म्हणणार आहेत का?"

नाही म्हणणार नव्हती, तीच तर अडचण होती. सांगायचं म्हणजे दुकान गेलं हे सांगावं लागणार होतं. अक्काच्या लेखी मी अजून शेठ होतो.

मग त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला मी एका ढाबेवाल्याला तीन जुने कूलर विकले. नीट करून, रंग देऊन. त्यानं पैसे फोनवरून टाकले, टेम्पोत कूलर भरले आणि गेला. बिल त्यानं मागितलं नाही, मीही दिलं नाही. काही दिवसांनी माझ्या फोनवर मेसेज आला की अक्काच्या खात्यातले व्यवहार थांबवले आहेत. बँकेच्या नंबरवर विचारलं तेव्हा कळलं, कुठल्या तरी फसवणुकीतले पैसे हातोहात फिरत त्या ढाबेवाल्यापर्यंत आणि त्याच्याकडून या खात्यापर्यंत आले होते. परराज्यातल्या पोलिसांनी साखळीतली सगळीच खाती गोठवायला सांगितली होती. खातेदारानं हे पैसे कशाचे ते लिहून द्यावं, पुरावा जोडावा, मग बघू.

खातेदारानं. म्हणजे अक्कानं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून माझं एका जागी बसणं संपलं. जेवताना उठायचो. फोन उलटा ठेवायचो, परत सुलटा करायचो. एखाद्या घरी कूलरची मोटार उघडून बसलो की कुठला स्क्रू कुठे ठेवला ते आठवायचं नाही. आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अक्काचा फोन आला.

"भाऊ, केंद्रवाला पोऱ्या सांगस, खातामा पैसा शेतस पण निंघत नही. असं कसं रे?"

मी म्हणालो, "सर्व्हर बंद शे, अक्का. आठ दिनमा व्हयी जाई."

"मी चक्कीना इसार दी ठेवेल शे, भाऊ. तो माणूस थांबाव नही."

ही चक्कीची गोष्ट मला माहीत होती. साक्रीतला एक माणूस धंदा बंद करत होता आणि त्याची पिठाची गिरणी अक्का घेणार होती. तिच्या गावात गिरणी नाही. बाया डोक्यावर पाटी घेऊन पलीकडच्या गावाला दळायला जातात. खिचडीच्या मानधनातून, निराधारच्या पैशातून कित्येक वर्षं थोडं थोडं मागे टाकून तिनं ती रक्कम उभी केली होती. इसार देऊन झाला होता, उरलेले पैसे लगेच द्यायचे होते, विकणारा थांबणार नव्हता. ती म्हणायची, आता चुलीपुढचा धूर पुरे, मी गादीवर बसून दळण देणार.

आठ दिवसांनी तिनं परत विचारलं. मी परत सर्व्हर सांगितला. मग मार्च एंडचं काम सांगितलं. मग साहेब बदलले म्हणून सांगितलं. प्रत्येक वेळी ती "बरं भाऊ" म्हणायची. तिनं एकदा तरी शिवी द्यावी असं मला वाटायचं.

तशात आखाजी आली. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि आखाजीला बहिणीला माहेरी आणायला भावानं जायचं असतं, मुराळी म्हणून. बहीण साठीची झाली तरी हे चुकत नाही. माझ्या धंद्याचे ते ऐन गर्दीचे दिवस, पण टाळेबंदी सोडली तर दुकानात गिऱ्हाईक उभं ठेवून मी दरवर्षी साक्रीची एसटी धरलेली आहे. अक्का आली की बायको खापरावरचे मांडे करायची, आमरस व्हायचा, कॉलनीतल्या लिंबाच्या झाडाला झोका बांधायचो आणि पाय दुखतात म्हणत म्हणत अक्का त्यावर बसायचीच.

त्या आखाजीला मी गेलो नाही. फोनवर सांगितलं, सिझन जोरात आहे.

"येवाव नही का?" तिनं विचारलं. येणार नाहीस का? मी म्हणालो, पुढल्या वर्षी.  ती म्हणाली, "भाऊ, चक्की गयी. त्यानी दुसराले दी टाकी. इसार बी बुडना."

मी विचारलं, "जेवलीस का?" 

पुढचं तिनं सांगितलं नाही, मला ते तिच्या गावाकडून जळगावात कामाला आलेल्या एका ओळखीच्याकडून कळलं. केंद्रावरच्या पोरानं बोलता बोलता कुणाला तरी सांगितलं होतं की अक्काचं खातं पोलिसांनी धरलंय. गावभर झालं. बचत गटाची पैशाची पेटी अक्काकडे असायची, गट निघाला तेव्हापासून. महिन्याच्या बैठकीत एकीनं विषय काढला आणि पेटी दुसरीकडे गेली. कुणी भांडलं नाही. अक्कानं स्वतःच उचलून दिली म्हणे.

या सगळ्यात मी काम शोधत होतो. घरोघरच्या दुरुस्तीला आता मी फक्त रोख घेत होतो, आणि रोख कुणाकडे नसते. नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये जागा आहे असं कळलं. सकाळच्या गाडीनं जाऊन भेटून आलो. काम पसंत पडलं, मी त्यांना पसंत पडलो. ऑफिसातल्या माणसानं विचारलं, "खातं कुठल्या बँकेत?"

"बहिणीचं चालेल का?"

"बहिणीचं?" तो हसला. "काम बहीण करणार आहे का? खातं स्वतःचं पाहिजे, भाऊ. सोमवारपर्यंत आणा. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे."

परतीच्या गाडीत मी न बसता धुळ्याच्या बसमध्ये बसलो. जळगावच्या बँकेत कुणी ओळखीचा व्यापारी भेटेल अशी धास्ती होती. धुळ्यात मला कुणी ओळखत नव्हतं. तरी दोन बँकांसमोरून मी नुसताच चालत गेलो. तिसरीच्या दारात चहा घेतला. तो संपल्यावर आत गेलो, कारण कप परत दिल्यावर बाहेर उभं राहायला निमित्त उरलं नव्हतं.

काउंटरवर चाळिशीच्या एक मॅडम होत्या. मी पाठ केल्यासारखं बोललो. "मॅडम, माझं कर्ज थकलेलं आहे. दुसऱ्या बँकेत. रेकॉर्ड खराब आहे. मला खातं मिळत नाही, मला माहीत आहे, पण नोकरी..."

"कर्ज मागायला आलात का?"

"नाही, नाही."

"मग? आधार, पॅन आणलंय?"

"आणलंय."

"साधं बचत खातं देते. चेकबुक, कर्ज, क्रेडिट कार्ड यातलं काही मागू नका. पगार येईल, काढता येईल. चालेल?"

मी आधार, पॅन काढून काउंटरवर ठेवलं. त्या म्हणाल्या, "अहो, चालेल का?"

"मला वाटलं, मिळतच नाही."

"कुणी सांगितलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो. अंगठा, फोटो, सह्या. काउंटरवरचं काम माझा दुसरा चहा होण्याइतक्या वेळात आटोपलं. ज्या गोष्टीसाठी अक्काची गिरणी गेली, पेटी गेली, ती गोष्ट मागितल्याबरोबर मिळत होती. आनंद झाला नाही. उठून कुठेतरी जोरात चालत सुटावं असं वाटलं.

मॅडमनी कागद लावता लावता विचारलं, "इतके दिवस पैसे कुठे घेत होता?"

मी सांगितलं. का कोण जाणे, सगळंच सांगितलं. कूलर, ढाबेवाला, अक्का. त्या काम थांबवून ऐकत होत्या.

"तुमच्याकडे त्या कूलरचं काही आहे का? फोटो, मेसेज?"

टेम्पोत भरतानाचा फोटो होता. ढाबेवाल्याचे मेसेजही होते.

"मग खरं काय झालं ते लिहा. व्यवहार तुमचा होता असं तुम्ही लिहून द्या. आणि बहिणीचा अर्ज पाहिजे, त्यांच्या सहीचा. त्यांच्या बँकेत जाऊन द्या. वेळ लागेल, पण पैसे सुटतील. आणि ज्या बँकेचं देणं आहे तिथे स्वतः जा. पगार सुरू होतोय सांगा, झेपेल एवढा हप्ता बांधून घ्या." मग त्यांनी चष्मा काढला. "बहिणीला माहीत आहे ना?"

मी म्हणालो, "हो."

तिथेही खोटं बोललो.

कर्जाच्या बँकेत मी सोमवारच्या आधीच जाऊन आलो. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. साहेबांनी झापलं, मग हप्ता ठरवला. अजून तो चालू आहे आणि बरीच वर्षं चालेल. वसुलीवाला भेटला तर आता "शेठ" म्हणत नाही, "काका" म्हणतो. अवघड होतं ते साक्रीला जाणं.

नोकरीतल्या पहिल्या सुटीच्या दिवशी मी एसटीत बसलो तेव्हा दोन्ही अर्ज माझ्या पिशवीत होते, माझा सही केलेला आणि अक्काचा कोरा. मी पुढे ठेवेन त्यावर अक्का सही करते. सावकाश, एकेक अक्षर मोठं काढत, वाचल्याशिवाय. धुळं सोडलं तेव्हा माझ्या मनात एक वाक्य तयार होतं: "अक्का, सर्व्हर सुरू झाला, केवायसीला सही लागते." पुढे पवनचक्क्या दिसायला लागल्या तरी ते वाक्य तसंच होतं. एवढं म्हटलं की झालं. पैसे सुटतील, तिला कधी कळणार नाही, मी शेठच राहीन. कंडक्टर सुटे पैसे मागत होता आणि मी त्याला दोनदा तिकीट किती म्हणून विचारलं.

अक्का ओट्यावर तांदूळ निवडत होती. मला पाहून उठली नाही.

"मुराळी उना का?" म्हणाली. "आखाजी गयी, भाऊ. आते काय लिंबले झोका बांधस?"

मी तिच्यापुढे खाली बसलो आणि ते वाक्य म्हणायचं राहून गेलं. आधी दुकान सांगितलं. मग बाकीचं. ती तांदळातले खडे वेचत राहिली. गिरणीपाशी आलो तेव्हा तिची बोटं थांबली, पण मान वर झाली नाही. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणालो, "मन्हं चुकनं, अक्का."

तिनं हातातला खडा अंगणात टाकला. "दुकान गयं ते माले कवयच समजनं व्हतं. तुन्ही बायकोनी सांगं. मी वाट दखत व्हती, भाऊ कवय सांगी."

दुकान गेल्याचं तिला केव्हाच कळलं होतं. भाऊ कधी सांगतो याची ती वाट बघत होती. 

"अन् माले एकलीले सांगीसन काय उपेग?" ती म्हणाली. "मन्ही लाज बठ्ठ्यासना समोर गयी. त्यास्ले सांग." लाज सगळ्यांसमोर गेली, तर सांगायचंही सगळ्यांनाच. तांदळाचं सूप बाजूला ठेवून ती उठली. "आज गटनी बैठक शे. चाल."

बैठक शेजारच्या घराच्या ओट्यावर होती. दहा-बारा बाया, मधे ती पेटी. पेटीमागे दुसरीच बाई बसली होती. अक्का कडेला, खांबाला टेकून बसली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी उभा राहिलो आणि घसा खाकरून सुरुवात केली, "सर्व भगिनींना माझी विनंती आहे, की सदर खात्यामध्ये जो व्यवहार झाला, तो गैरसमजातून..."

"हाऊ काय भाषण करी ऱ्हायना?" एक म्हातारी शेजारणीला म्हणाली.

"इलेक्शनले उभा ऱ्हास वाटस," दुसरी म्हणाली, आणि दोघी-तिघी हसल्या.

पेटीमागची बाई मात्र हसली नाही. "भाऊ, बँकना सायेबसारखं नको बोलू. आपली बोलीमा सांग. काय व्हयनं?"

मी अक्काकडे बघितलं. ती पदराच्या टोकाला गाठ मारत होती, सोडत होती. मी खाली बसलो, त्यांच्यात, आणि म्हणालो,

"तो धंदा मन्हा व्हता. अक्काना खातावर मी करा, तिले इचारं नही. पोलिसना कागद मन्हामुळे उना, तिनी एक पैसानी चूक नही. सर्व्हर कधीच बंद नही व्हता, मी खोटं बोलनू. चक्की मन्हामुळे गयी, पेटी मन्हामुळे गयी. अक्का, मी तुले आखाजीले लेवाले उनू नही, कारण माले तुन्हा तोंडकडे दखता येवाव नही व्हतं. मी चुकनू. माले माफ कर."